दाताचं मूळ गेलं कुठं?

मुलांनो,

परवा दुसरीच्या वर्गात गणित चालू होतं. मागच्या बाकावरून एकदम आवाज आला, "बाई, पडला!" काय पडलं? तर हलणारा दात! आमच्या मलकापुरात असा दात कौलावर टाकतात. पण दाताचा धनी मोठा चौकस. म्हणाला, "बाई, दाताला मूळ असतं ना? मग याचं कुठाय?"

खरंच, दाताला खाली मूळच नव्हतं! ते हिरडीत तुटून राहिलं होतं का? नाही. शरीरातल्या काही पेशींनी ते हळूहळू विरघळवून टाकलं होतं. म्हणून तर दात सैल झाला.

या पेशींचे सख्खे भाऊबंद तुमच्या हाडांत राहतात. त्यांना म्हणतात अस्थिभंजक पेशी. अनेक लहान पेशी एकत्र येऊन ही एक मोठी पेशी बनते. ती हाडाला घट्ट चिकटते, आम्ल सोडून त्यातलं कॅल्शियम विरघळवते आणि मग आतले चिवट धागेही पचवते.

बाप रे! म्हणजे या शत्रूच की! छे, छे. जुन्या घराची दुरुस्ती करताना आधी कच्ची भिंत पाडावी लागते ना? या पेशी पाडतात आणि त्यांच्या मागून अस्थिजनक पेशी गवंड्यासारखं नवं बांधकाम करतात. पाडायला दोन-तीन आठवडे, बांधायला तीन-चार महिने! मोठ्या माणसाचं सुमारे १० टक्के हाड दरवर्षी असं नवं होतं.

आणि पाडणाऱ्यांनी कामच केलं नाही तर? १९०४ साली अल्बर्स-शोनबर्ग या जर्मन डॉक्टरांनी अशा एका आजाराचं वर्णन केलं. त्यात हाडं संगमरवरासारखी दाट होतात, पण ठिसूळही! आतली पोकळी भरून जाते आणि रक्त तयार व्हायला जागा उरत नाही.

उलटही होतं. गेल्या वर्षी माझी आई न्हाणीत घसरली. साधंच घसरणं, पण खुब्याचं हाड मोडलं. पन्नाशीनंतर, विशेषतः बायकांमध्ये, पाडकाम जास्त आणि बांधकाम कमी होतं. हाडं पोकळ होत जातात. आई आता काठी घेऊन चालते.

तुमच्या वयात मात्र गवंडी पुढं असतात. विशी-पंचविशीपर्यंत जेवढं हाड साठवाल, तेवढी म्हातारपणाची शिदोरी! अंतराळवीरांच्या पायांवर भार पडत नाही, म्हणून त्यांच्या कंबरेचं आणि पायांचं हाड महिन्याला १ टक्क्याहून जास्त झिजू शकतं. म्हणजे बसून राहणं हाडांना मानवत नाही. तेव्हा उन्हात खो-खो खेळा, दोरीवरच्या उड्या मारा. दूध, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी खा. आईला आणि आजीलाही आग्रहानं वाढा हं! घरात सगळ्यांत शेवटी त्याच जेवतात.

आणि पुढचा दात पडला, की कौलावर टाकण्याआधी एकदा उलटा करून बघा. मूळ कुणी नेलं, ते आता तुम्हीच घरच्यांना सांगा!

तुमच्या बाई