करणाऱ्याची विचारपूस

नरकचतुर्दशीच्या पहाटे, आळीत पहिला फटाका वाजण्यापूर्वी, अर्धांगवायूने दोन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना कुशीवर वळवून, पाठीखाली रबरी कापड सरकवून, कोमट पाण्यात पिळलेल्या पंच्याने त्यांचे अंग टिपीत, शय्याव्रणाची जागा तेवढी उटण्यापासून कटाक्षाने राखीत, आमच्या परिचयातील एक सून त्यांना अभ्यंगस्नान घालते. आणि ते आटोपून ओट्याशी उभी राहते तेव्हा 'आता सुटका व्हावी' असा विचार, सुटका त्यांची की आपली हे न उमगताच, तिच्या मनात येऊन जातो. त्या विचाराची लाज मग दिवसभर तिची पाठ सोडीत नाही.

यंदाच्या अंकाच्या प्रारंभी आम्हांस ह्या लाजेविषयीच लिहावयाचे आहे. रुग्णाची कूस बदलण्यासाठी रात्री दर दोन तासांनी उठणारे, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांनी 'मला जेवायला घालीत नाहीत' अशी शेजाऱ्यांकडे केलेली तक्रार मुकाट्याने ऐकणारे मन शिणते, चिडते. त्याला कृतघ्न ठरविण्याचा अधिकार कोणासही नाही. स्टीव्हन झॅरिट ह्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह 1980 साली शुश्रूषेचा हा भार मोजण्यासाठी जी प्रश्नावली सिद्ध केली, तीतही रागाची विचारणा आहे.

सरकारी दप्तरी मात्र शुश्रूषा करणाऱ्या ह्या माणसाची दखल नाही. 2007 च्या अधिनियमाने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली, ते योग्यच झाले; पण केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रीला बालसंगोपनासाठी 730 दिवसांच्या रजेची तरतूद असताना, आईबापांच्या शुश्रूषेसाठी त्या नावाची रजाच नाही.

पुंडलिकाची कथा आपण मातृपितृभक्तीचा दाखला म्हणून सांगतो. आमचे लक्ष त्या विटेकडे जाते. दारी प्रत्यक्ष परब्रह्म उभे असताही त्याने हातचे काम सोडले नाही, आणि पाहुण्यानेही तिष्ठत राहणे मानले. आमच्या सुनेला ही मुभा नाही. आजाऱ्याला 'बघायला' आलेल्यांसाठी तिला हातातले बेडपॅन बाजूस ठेवून चहाचे आधण चढवावे लागते. चार दिवसांसाठी आलेली नणंद 'आई फार वाळली गं' एवढेच बोलून परतते.

मन अगदीच बुडू लागले, तर 14416 ह्या 'टेलिमानस'च्या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. आणि वाचकहो, ह्या दिवाळीत अशा घरी फराळाला जाल, तर चहा मागू नका; दोन तास रुग्णाजवळ बसा, आणि शुश्रूषा करणारीला निजू द्या.