गरीब व होतकरू

परवा दुपारी चहा टाकत होते, तेवढ्यात दार वाजलं. माझा एक जुना विद्यार्थी मुलीला घेऊन आला होता. त्याची पिठाची गिरणी आहे. मुलगी फूड टेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला. तिला एका ट्रस्टच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. "बाई, जरा नजर टाका. आणि एक शिफारसपत्रही हवंय, निवृत्त शिक्षकाचं चालतं म्हणे."

अर्जाबरोबर 'स्वतःविषयी' एक पान लिहायचं होतं. तिचं पान असं सुरू होत होतं : 'लहानपणापासूनच मला समाजसेवेची आवड आहे. मी कष्टाळू, जिद्दी व प्रामाणिक आहे.' भाषा अगदी शुद्ध. चूक म्हणून एक नाही. मी विचारलं, "हे तू लिहिलंस?" ती हसली. "कॉम्प्युटरने लिहून दिलं, आजी. सगळे तसंच करतात."

मला राग आला नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटली, कारण कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून हेच काम मी हाताने करत होते.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो शिफारसपत्रं लिहिली. मजकूर ठरलेला : 'सदर विद्यार्थी गरीब व होतकरू असून त्याची वर्तणूक चांगली आहे.' नाव बदलायचं, शिक्का मारायचा, पुढचा! १९८९ साली दहावीच्या एका मुलालाही तेच पत्र दिलं. त्या मुलाने पत्र्याच्या डब्यातून पर्जन्यमापक केला होता आणि सलग दोन पावसाळे रोजचा पाऊस वहीत लिहून ठेवला होता. ती वही मी स्वतः पाहिली होती. पत्रात त्यातलं एक अक्षर नव्हतं. त्याची निवड झाली नाही. पुढे एका समारंभात त्या संस्थेचे एक गृहस्थ भेटले. सहज म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेची सगळी पत्रं सारखीच असतात हो. आम्ही वाचणंच सोडलं." दुसरी कारणंही असतील, नाही असं नाही. पण ती वही आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

आमच्या पिढीला केळुसकर गुरुजींची गोष्ट माहीत असते. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा एक मुलगा त्यांनी पाहिला, त्याची चौकशी केली, त्याला पुस्तकं दिली. पुढे त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि भीमराव आंबेडकरांना कॉलेजसाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली ते बी.ए. झाले आणि १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. गुरुजींच्या शब्दाला वजन होतं, कारण त्यांनी त्या मुलाला नीट पाहिलं होतं. मी माझ्या मुलाची वही पाहिली आणि तरी लिहिलं 'होतकरू'.

शाळेत आम्ही मुलांना इतरांसारखं लिहायला शिकवतो. 'माझी आई' या विषयावर चाळीस मुलं, चाळीस आया, आणि निबंध मात्र एकच, गाईडमधला. एखाद्याने आपल्या खऱ्या आईबद्दल वेडंवाकडं लिहिलं तर लाल शाईने त्याचेच गुण कापायचे. आणि मग वीस वर्षांच्या पोराला सांगायचं, अर्जात उठून दिस! कसा दिसणार? नोकरीच्या अर्जातही तेच. छंद : वाचन, संगीत, प्रवास.

असो. मी त्या मुलीला म्हटलं, "हे बाजूला ठेव. मागच्या वर्षी बाबा आजारी होते तेव्हा गिरणी कोणी चालवली?"

"मीच. दोन महिने. पण त्यात काय सांगायचं, आजी?"

खोदून खोदून विचारल्यावर निघालं ते असं. ज्वारीवर गहू आणि गव्हावर बाजरी पडली की पीठ मिसळतं, बायका भांडतात आणि दर वेळी पहिलं पीठ काढून टाकावं लागतं. हिने डब्यांवर नंबर घातले आणि ज्वारी-बाजरी सकाळी, गहू दुपारी अशी वेळ लावली. वाया जाणारं पीठ आठवडाभर मोजलं, नंतर पुन्हा मोजलं. आकडे अजून वहीत आहेत. अगं, हेच तर तुझं फूड टेक्नॉलॉजी!

तिने ते पान पुन्हा लिहिलं, स्वतःच्या शब्दांत. दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलं होतं, तेवढं मी सुधारलं. 'आमची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे' हे वाक्य मात्र काढायला लावलं. परिस्थिती सांगायला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आहे. पानावर आपण काय केलं ते लिहावं. आणि जे केलं नाही ते लिहू नये, मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

कागदपत्रांची बाजूही हलकी नाही. आधार, मार्कशीट आणि बँकेचं पासबुक, तिन्हीकडे नाव सारखं हवं, आणि शेवटच्या तारखेची वाट बघू नये. हे चुकलं तर आपलं पान कोणी वाचतच नाही.

कोणी म्हणेल, शेवटी गुणच बघतात. बघतात ना. पण सारख्याच गुणांचे शंभर अर्ज समोर आले की निवडणाऱ्याने काय धरून निवडायचं?

मंडळी, तुमच्यापैकी पुष्कळ जण शिक्षक आहात, कोणी साहेब आहात. कोणी पत्र मागायला आलं तर दहा मिनिटं बसवून घ्या, विचारा आणि मग लिहा. दहा मिनिटं नसतील तर सरळ नाही म्हणा. म्हणजे पोर दुसरीकडे तरी जाईल.

माझं पत्र या वेळी दीड पान झालं. 'होतकरू' हा शब्द त्यात नाही. निकाल पुढच्या महिन्यात आहे. आला की कळवीनच.