उखाण्यात नाव घेतलं, बिलावर कधी येणार?

लग्न झाल्याचा पुरावा काय, असं कुणी विचारलं तर आपल्याकडे उत्तर तयार असतं. हजारभर फोटोंचा ड्राइव्ह, ड्रोनने काढलेला व्हिडिओ, प्री-वेडिंगचं रील आणि कपाटाच्या वरच्या खणातला जाडजूड अल्बम. पण नवरा किंवा बायको दुसऱ्या देशाची नागरिक असेल आणि त्या नात्यावर नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल, तर तेवढ्याने टेबलापलीकडच्या माणसाचं समाधान होत नाही. मांडवात तुम्ही कसे दिसत होतात यापेक्षा मांडव उतरल्यावर एका छताखाली राहिलात का, हे त्याला बघायचं असतं. विजेचं बिल कुणाच्या नावाने येतं? भाड्याच्या करारावर दोघांची नावं आहेत का? बँकेत जॉइंट खातं आहे का? विम्याला नॉमिनी कोण?

थोडक्यात, संसाराचा पुरावा कंटाळवाण्या कागदांत असतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की याच कागदांत आपल्या घरातल्या बायका सापडत नाहीत. परदेशी नागरिकत्वाची फाइल हे फक्त निमित्त. ती उघडली की घरातली जुनीच गोष्ट दिसते.

मीरा-भाईंदरमध्ये राहून हा विषय लांबचा वाटायचं कारण नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये कुणाची मुलगी न्यू जर्सीत, कुणाचा भाचा टोरंटोत. 'तिकडचं स्थळ' आलं की मुलाचा पगार, घर, व्हिसा सगळं विचारलं जातं. उद्या कागदांवर मुलीचं नाव कुठे कुठे लागणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

आधी आपल्याच देशाचा नियम बघू. नागरिकत्व कायदा १९५५ सालचा. त्यातल्या कलम ५ नुसार भारतीय नागरिकाशी लग्न केलेली परदेशी व्यक्ती नोंदणीने भारताची नागरिक होऊ शकते, पण त्यासाठी अर्जापूर्वी सात वर्षं इथं राहिलेलं असावं लागतं. त्यातलं शेवटचं एक वर्ष सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा. आपल्याकडचा अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून राज्य सरकारकडे आणि मग केंद्राकडे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे मंजुरी मिळाली की आधीच्या देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं. ते सोडायचं नसेल तर ओसीआय कार्डचा मार्ग आहे. त्यासाठी लग्न नोंदलेलं हवं आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. वर सुरक्षा तपासणी आहेच. लग्नाच्या नात्याने ओसीआय मिळालं आणि पुढे कोर्टात घटस्फोट झाला, तर ते कार्ड रद्द होऊ शकतं.

अमेरिकेत चाळण आणखी बारीक. ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड सशर्त आणि दोनच वर्षांचं मिळतं. १९८६ च्या कायद्यापासूनची ही पद्धत. ती दोन वर्षं संपत आली की नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा आणि लग्न खरं आहे हे पुन्हा दाखवायचं. नागरिकत्वासाठी एरवी ग्रीन कार्डनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. अमेरिकी नागरिकाच्या जोडीदाराला तीन. पण त्या तीन वर्षांत दोघं एकत्र राहत होते, हे तिसऱ्यांदा दाखवायचं. पुरावा म्हणून काय चालतं? दोघांच्या नावावरचं घर किंवा भाडेकरार, एकत्र केलेले पैशांचे व्यवहार, मुलांचे जन्मदाखले, ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रं.

सरकारं एवढा संशय का घेतात, हे मला कळतं. कागदापुरती लग्नं होतात. पैसे घेऊन ती जुळवणारे एजंटही असतात. तपासणीच नको, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण संशयाला लगाम नसला की काय होतं, त्याचंही उदाहरण आपल्याच माणसांचं आहे. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी करण्यात आली. वय ३५. तिचं लग्न आधीच झालेलं तर नाही ना, हे अधिकाऱ्यांना तपासायचं होतं. बातमी फुटली, गदारोळ झाला आणि तो प्रकार बंद करावा लागला. पुढे त्याच देशात नियम होता, की परदेशी जोडीदाराने आपलं लग्न मुख्यतः ब्रिटनमध्ये शिरण्यासाठी नाही हे स्वतः सिद्ध करायचं. 'नाही' हे कुणी सिद्ध कसं करायचं? तो नियम १९९७ मध्ये रद्द झाला. त्यामुळे विजेचं बिल मागणारा अधिकारी मला तरी बरा वाटतो. निदान तो कागद मागतो.

आता प्रश्न असा, की तो कागद आहे का?

हा लेख लिहायच्या आधी मी घरातली फाइल काढून बसले. तुम्हीही एकदा बसा. फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची पावती, मालमत्ता कराचं बिल, वीज, इंटरनेट. आमच्याकडे पंचवीस वर्षांच्या संसारात आईचं नाव दोन ठिकाणी सापडलं, गॅसच्या पुस्तकावर आणि रेशन कार्डवर. रेशन कार्डचं श्रेय घराला नाही, कायद्याला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातल्या सज्ञान बायकांपैकी सगळ्यात मोठीला कुटुंबप्रमुख केलं. म्हणजे शिजवायच्या कागदांवर बाई, राहायच्या कागदांवर बाप्या. माझ्या आईला उद्या कुणी 'तुम्ही या घरात राहता याचा पुरावा द्या' म्हटलं, तर ती सिलिंडरची पावती देईल.

सासू-सासऱ्यांबरोबर राहणाऱ्या जोडप्याची अडचण वेगळी. घर सासऱ्यांचं, बिलं सासऱ्यांची, भाडेकरार नाहीच. परदेशातून लग्न करून इथं आलेल्या सुनेला किंवा जावयाला 'एकत्र राहतो' हे दाखवायला कागदच उरत नाही. वन रूम किचनमध्ये सहा माणसं एकत्र राहतात, आणि कागदावर तिथं एकच माणूस राहतो.

त्यात नावांचा घोळ. लग्नात ताटातल्या तांदळात सुनेचं नवं नाव लिहितात. फोटो छान येतो. पण दहावीच्या मार्कशीटवर एक नाव, पॅनवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं झालं, की पुढची काही वर्षं 'या तिन्ही नावांची व्यक्ती मीच' अशी प्रतिज्ञापत्रं करण्यात जातात. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं कुठलाही कायदा म्हणत नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर बदलावं, पण मग सगळीकडे एकदमच बदलावं.

हे सगळं नुसतं गैरसोयीचं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. खरी भीती संसार बिघडतो तेव्हा असते. वर सांगितलेला अमेरिकेतला दोघांनी मिळून करायचा अर्ज आठवा. नवरा मारहाण करणारा असेल किंवा घटस्फोट झाला असेल, तर बायकोला एकटीने अर्ज करायची सोय तिथल्या कायद्यात आहे. पण तेव्हाही लग्न आपण खऱ्या मनाने केलं होतं, हे तिलाच दाखवायचं असतं. आणि कागद कुणाकडे? खातं त्याचं, घर त्याच्या नावावर, पासवर्ड त्याला माहीत. ज्या घरातून ती जीव वाचवून बाहेर पडली, त्याच घरातली बिलं तिला आणायची असतात. कंटाळवाण्या कागदावरचं नाव तेव्हा कंटाळवाणं राहत नाही.

याला दुसरी बाजू आहे. पुराव्याचं महत्त्व कळलेली काही घरं उलट टोकाला जातात. व्हिसाची घाई असते, म्हणून आधी सर्टिफिकेट, लग्न मग मुहूर्तावर. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉली राणी प्रकरणात याच सवयीवर बोट ठेवलं. परदेशी व्हिसासाठी वेळ वाचावा म्हणून आई-वडीलच अशी नोंदणी करून देतात, हे न्यायालयाने नमूद केलं आणि स्पष्ट सांगितलं, की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटने लग्न होत नाही. पुढे बिनसलं तर अशा मुलीला ती विवाहित आहे की नाही, हेच ठरवायला कोर्टात जावं लागतं. विधी नकोच असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार, की लग्न पक्कं.

मग करायचं काय? लग्नाची नोंदणी लगेच करा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांत नोंदणी करायची असते, आणि महापालिकेत ती होते. लग्न लावणाऱ्याची सही आणि साक्षीदार लागतात. हॉलवरून भटजी, काझी किंवा भंतेजी निघायच्या आत त्यांची सही घेतलीत, तर नंतर त्यांना शोधत फिरावं लागणार नाही. भाडेकरारात दोघांची नावं घाला. एक तरी बिल, एक तरी खातं जोडीदाराच्या नावावर असू द्या. आणि मुलींनो, प्रत्येक कागदाची एक प्रत स्वतःच्या ईमेलवर ठेवा. हा नवऱ्यावरचा अविश्वास नाही. तो त्याचं पाकीट स्वतःच्या खिशात ठेवतोच ना?

सरकारकडूनही अपेक्षा आहे. हे काम ते करू शकतं, हे दिसलंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव सक्तीचं केलं. घर फक्त बाईच्या नावाने घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. मग घरपट्टीच्या आणि विजेच्या बिलावर सरळ दोन नावं का छापता येऊ नयेत? नव्या जोडणीच्या अर्जात जोडीदाराच्या नावाचा एक रकाना वाढवायला असा किती खर्च येणार? आणि ज्यांचं सगळं आयुष्य सासऱ्यांच्या नावाखाली चाललंय, त्यांच्यासाठी सोसायटीचं पत्र आणि शेजाऱ्यांचा जबाब यांना चौकशीत खरं वजन मिळायला हवं. पाण्याच्या टँकरसाठी रोज खाली उतरणारी सून त्याच घरात राहते की नाही, हे शेजारच्या काकूंइतकं कुणाला माहीत असणार?

लग्नात नव्या नवरीला आग्रह करकरून नाव घ्यायला लावतात, आणि ती लाजत घेतेही. तिचं नाव घ्यायची वेळ येते तेव्हा मात्र सगळे विसरतात. पुढच्या महिन्यात विजेचं बिल आलं की रक्कम बघायच्या आधी वरचं नाव वाचा. एकच नाव असेल, तर दुसरं घालायचा अर्ज त्याच आठवड्यात करा.