विजेचे लोखंड आणि धारूरचा गोळा : उल्का ठरवायची कशी?

१/ धारूरच्या किल्ल्यात उद्या कोणाला गंजलेला, हाताला जड लागणारा लोखंडी गोळा सापडला, तर संध्याकाळपर्यंत त्याची ‘उल्का’ झालेली असेल. पुरावा काय, तर लोहचुंबक चिकटल्याचा व्हिडिओ. गडकोटांवरील प्रत्येक जड वस्तू आकाशातून पडल्याचे ठरवण्याची ही घाई इतिहासाच्या मुळावर येणारी आहे.

२/ चुंबकाची साक्ष फारच कच्ची. बालाघाटाच्या काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, त्यामुळे साधा दगडही चुंबकाकडे ओढला जातो. भट्टीतून निघालेली लोखंडाची मळी काळी, जड आणि भोकाभोकांची असते. तोफगोळा तर लोखंडच! आदिलशाही सरदार किश्वरखानाने १५६७ च्या सुमारास उभारलेला हा किल्ला पुढे निजामशाहीकडे गेला आणि १६३१ मध्ये मोगलांनी जिंकला. अशा जागी लोखंड सापडल्यास आधी लोहार आणि गोलंदाज आठवावेत.

३/ मग जुन्या नोंदींवरून लोह-उल्का ओळखता येतच नाही का? येते. त्याचा उत्तम नमुना जहांगिराच्या आत्मचरित्रात, ‘तुझुक-इ-जहांगिरी’त आहे. एप्रिल १६२१ मध्ये जालंधर परगण्यातील एका गावी पूर्वेकडून भयंकर आवाज झाला आणि प्रकाश जमिनीवर कोसळला. आमील मुहम्मद सईदने जागा खणवली, सापडलेला लोखंडाचा तुकडा मोहोरबंद करून दरबारी धाडला. बादशहाने तो समक्ष तोलवला. वजन १६० तोळे, म्हणजे दोन किलोच्या आतबाहेर.

४/ ही नोंद विश्वासार्ह का? स्थळ, काळ, अधिकारी, वजन हे सारे आहेच. पण सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे अपयशाची कबुली. उस्ताद दाऊदला शस्त्रे घडवण्याचा हुकूम झाला, तेव्हा ते लोखंड घणाखाली टिकेना, त्याचे तुकडे पडू लागले. अखेर तीन भाग ‘विजेचे लोखंड’ आणि एक भाग साधे लोखंड मिसळून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी घडली. बादशहाची स्तुती करण्यासाठी रचलेल्या कथेत कारागिराची फजिती कोण घालील? उल्केतील गंधक आणि फॉस्फरसयुक्त खनिजांमुळे असे लोखंड तापवून ठोकताना फुटू शकते, हे आज धातुशास्त्र सांगते. दाऊदला ते सांगून कोणी शिकवलेले नव्हते.

५/ याच नोंदीत, खोल खणावे तशी जमीन अधिक तापलेली लागली आणि तुकडा भट्टीतून काढल्यासारखा होता, असेही आहे. एवढ्या लहान उल्का सहसा अशा धगधगत्या पडत नाहीत. येथे ऐकीव भर पडली असावी. म्हणून सगळी नोंद फेकून द्यायची नाही आणि सगळी गिळायचीही नाही. शिवाय जहांगीर त्याला वीजच म्हणतो; ‘आपल्याला उल्का आधीच ठाऊक होत्या’ अशी आरोळी ठोकणाऱ्यांनी हेही वाचावे. (युरोपातील पंडितही १८०३ मधील लेग्लच्या उल्कावर्षावानंतरच पुरते वळले.)

६/ त्यातील सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. लोह-उल्का कापून, घासून, सौम्य नायट्रिक आम्लाने धुतल्यावर बहुतेकींत एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्या दिसतात. लक्षावधी वर्षे मंद गतीने थंड होताना जमलेली ही नक्षी घडाईत नष्ट होते. म्हणजे घडवलेल्या पात्यापुरता हा हमखास पुरावा बाद. उरतो निकेल, बहुधा ५ टक्क्यांहून अधिक, आणि उरतो कागद. येथे कागदाचे मोल प्रयोगशाळेइतकेच आहे.

७/ धारूरला तसे काही सापडलेच, तर ते जागीच ठेवून छायाचित्र घ्यावे, मोजमाप टिपावे, पुरातत्त्व खात्याला कळवावे. निकेलची तपासणी त्यानंतर. घरी नेऊन आम्लाने घासलेल्या गोळ्याचे स्थळही हरवते आणि थरही. मग तो उल्का ठरत नाही, आणि कोणत्या वेढ्यातला तोफगोळा होता, हेही कधीच कळत नाही.