विश्लेषण : पांढरे छप्पर किती काळ थंड राहते?

उन्हाळा आला की गच्चीला, पत्र्याला पांढरा रंग देण्याच्या योजनांची चर्चा सुरू होते. अहमदाबादने अशी छपरे उष्णता कृती आराखड्यात घेतली. तेलंगणने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले. पण दिलेला रंग ऊन खरेच परतवतो का, हे तपासायचे कशाने?

डोळ्यांना कळत नाही?

सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मी अवरक्त किरणांतून येते आणि ती दिसत नाही. त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या दोन रंगांपैकी एक हे किरण परतवतो, दुसरा शोषून घेतो. जस्ताचा कोरा पत्रा चकाकतो, बरेच ऊन परतवतोही. मात्र शोषलेली उष्णता किरणांवाटे बाहेर टाकण्यात तो कंजूष. म्हणून तर दुपारी त्याला हात लावता येत नाही.

यंत्र कसे मोजते?

हातात नेता येणाऱ्या परावर्तनमापकात हॅलोजन दिव्याचा प्रकाश सर्व बाजूंनी पृष्ठभागावर पडतो. परतलेला प्रकाश वेगवेगळ्या तरंगलांबींचे संवेदक टिपतात. त्याआधी काळी पोकळी आणि प्रमाणित पांढरी फरशी दाखवून यंत्र जुळवून घ्यावे लागते. उष्णतेच्या लांब तरंगांसाठी वेगळे यंत्र असते. अपारदर्शक पृष्ठभाग हे तरंग जितके कमी परतवतो तितकेच अधिक बाहेर टाकतो, या नियमावर त्याचे गणित चालते. परावर्तनमापकाची खिडकी जेमतेम इंचभर असल्याने खडबडीत, डागाळलेल्या गच्चीवर एकाच मोजणीवर विसंबणे चुकीचे ठरेल.

नियम कुठे तोकडा पडतो?

व्यावसायिक इमारतींसाठीच्या २०१७ च्या ऊर्जासंवर्धन संहितेत कमी उताराच्या छपरांसाठी किमान ०.६० परावर्तन आणि ०.९० उत्सर्जन सांगितले आहे. दोन्ही आकडे ‘सुरुवातीचे’, म्हणजे ताज्या रंगाचे. नंतर धूळ, काजळी, शेवाळ यांचा थर बसतो, त्याचे काय? कॅलिफोर्नियाच्या नियमांत अशाच छपरांसाठी जुन्या झालेल्या पृष्ठभागाचे परावर्तन, ०.६३, धरले जाते. अमेरिकेची कूल रूफ रेटिंग कौन्सिल तीन वर्षे उघड्यावर ठेवलेल्या नमुन्यांचे आकडेही जाहीर करते.

आपल्याकडे डब्यावरचा आकडा पाहून बिल निघाले, तर पैसा कागदावरच्या थंडाव्याला जाईल. झोपडीच्या पत्र्याला तर ही संहिताही लागू नाही, आणि सर्वाधिक ताप तिथेच. पालिकांनी रंग दिल्यावर एकदा आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर पुन्हा, त्याच छपरावर चार-पाच ठिकाणी मोजणी करावी. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता दुसऱ्या मोजणीपर्यंत राखून ठेवावा, आणि दोन्ही आकडे त्या घरात राहणाऱ्यांना कळवावेत.