स्पर्धा बाळांची, कमाई भलत्यांची

जानेवारीत बोरन्हाणाचे आणि गोकुळाष्टमीला बालकृष्णाचे फोटो निघाले, की घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मतांचा जोगवा सुरू होतो. ‘आमच्या पिल्लूला भरघोस मतांनी विजयी करा’ या ओळीखाली लिंक असते आणि सोबत सूचना: आधी पेज लाइक करा, मग फोटो लाइक करा, वॉलवर शेअर करा, पाच जणांना टॅग करा, पेज लाइक केलं नसेल तर मत बाद. आयोजक कधी मुलांच्या कपड्यांचं दुकान असतं, कधी फोटो स्टुडिओ, कधी प्ले स्कूल, तर कधी प्रभागातून उभं राहायच्या तयारीत असलेले भावी नगरसेवक. हौस म्हणून याकडे काणाडोळा केला जातो. पण या ‘बेबी मॉडेल’ स्पर्धांमध्ये बाळाचं काहीच मोजलं जात नाही; मोजले जातात ते आईवडिलांचे संपर्क. तिथूनच पुढचे सगळे धोके सुरू होतात.

हिशेब सरळ आहे. दोनशे बाळं स्पर्धेत उतरली आणि प्रत्येकाच्या आईवडिलांनी पन्नास नातेवाईक जमवले, तर पेजला दहा हजारांपर्यंत अनुयायी मिळतात. बदल्यात जातं एक खेळणं आणि बाकीच्यांना ई-प्रमाणपत्र. जाहिरातीवर खर्च करून जे मिळालं असतं, ते मामा-मावश्या फुकटात मिळवून देतात. लोकांच्या वैयक्तिक टाइमलाइन आणि मित्रयादी स्पर्धेसाठी वापरू नयेत, असं फेसबुकचेच नियम सांगतात. तरी ‘शेअर करा, टॅग करा’ ही अट सर्रास घातली जाते. काही ठिकाणी मतं विकतही मिळतात. एवढ्या रुपयांत एवढी मतं, असा भाव लागला की निकाल बाळाच्या गोडव्यावर नव्हे, बापाच्या यूपीआयवर ठरतो. स्पर्धा संपल्यावर पेज गप्प बसलं तर दाद कुठे मागायची, हे पालकांना ठाऊक नसतं. बक्षीस योजनेचा अंतिम निकाल सहभागींपासून दडवून ठेवणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मात्र ई-प्रमाणपत्रासाठी ग्राहक आयोगाची पायरी कोण चढणार?

इथवर नुकसान थोडं असतं. मोठा खड्डा ‘तुमच्या बाळाची निवड झाली आहे’ या फोननंतर येतो. एका नामांकित ब्रँडच्या जाहिरातीसाठी शूट आहे, फक्त नोंदणी शुल्क भरा. मग पोर्टफोलिओचा खर्च. मग परत मिळणारी अनामत. अलीकडच्या फसवणुकीत पालकांना टेलिग्राम ग्रुपमध्ये घेतात, ‘टास्क’ म्हणून पैसे भरायला लावतात, पहिली रक्कम नफ्यासह परत करून विश्वास कमावतात आणि मोठी रक्कम आली की गायब होतात. शिकलेली माणसंही यात अडकतात, कारण इथे आमिष पैशाचं नसून आपल्या बाळाच्या कौतुकाचं असतं.

पैसे एकदा जातात. फोटो मात्र जातच राहतो. प्रवेशअर्जात बाळाचं नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, मोबाइल नंबर आणि गाव एकाच जागी भरून दिलं जातं. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२४ मध्ये ‘लायन-५बी’ या एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या संचाचा नगण्य अंश तपासला. त्यात ब्राझीलमधल्या मुलांचे १७० आणि ऑस्ट्रेलियातल्या मुलांचे १९० फोटो सापडले आणि काहींची नावंही कळत होती. म्हणजे कौतुकाने टाकलेला फोटो कुठे पोचेल, हे टाकणाऱ्याच्या हातात उरत नाही. आपल्याकडच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि या कर्तव्यात कसूर झाल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण इथे संमती देणारे पालकच फोटो अपलोड करत असतात. त्यामुळे कायद्याची ढाल असूनही बाळ उघड्यावर पडतं.

यावर म्हटलं जाईल, की सुदृढ बालक स्पर्धा तर आपल्याकडे पूर्वापार आहेत. आहेत, आणि फरक तिथेच आहे. तिथे वजनकाटा असतो, उंची मोजली जाते, लसीकरणाचं कार्ड पाहिलं जातं. केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये घेतलेली स्वस्थ बालक-बालिका स्पर्धाही सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची उंची आणि वजन यांवरच बेतलेली होती. तिथे हरलेल्या बाळाचीही तपासणी होते. लाइकच्या स्पर्धेत जिंकलेल्या बाळालाही तेवढं मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा, की जाहिरातींत बाळं दिसतातच. कुठून तरी सुरुवात करावी लागते. खरं आहे. पण जाहिरातीसाठी बाळ निवडताना वय, अनोळखी माणसांत ते शांत राहतं का, शूटला वेळेवर पोचू शकतं का, हे पाहतात; लाइक कोणी मोजत नाही. खरा एजंट काम मिळाल्यावर मानधनातून वाटा घेतो, आधी शुल्क मागत नाही. शिवाय खऱ्या कामाला बालकामगार कायद्याखालच्या नियमांचं कुंपण आहे: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांची मर्यादा, उत्पन्नाचा किमान वीस टक्के हिस्सा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. ‘निवड झाली’ म्हणणाऱ्याला या परवानगीबद्दल विचारून पाहा. खोटा असेल तर तो विषय बदलेल.

राहिला पालकांच्या हक्काचा मुद्दा. आपल्या मुलाचा फोटो कुठे टाकायचा हे पालकच ठरवणार, पण मुलाच्या वतीने. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून मुलाची प्रतिमा जपणं ही पालकांची जबाबदारी ठरवली. आपल्याकडे तसा कायदा येईपर्यंत निर्णय घरातच घ्यावा लागेल. कौतुकासाठी फोटो आजी-आजोबांना पाठवा; अनोळखी पेजला नाव, जन्मतारीख आणि नंबर देऊ नका. मतासाठी लिंक आली, तर लाइक न करता त्या आईवडिलांना फोन करून हे सांगा. पैसे गेलेच असतील, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा; जितका उशीर होईल, तितकी ती रक्कम गोठवणं अवघड होतं.