प्लॅस्टिकचे विसर्जन

अनंत चतुर्दशीच्या दिवशी जळगावच्या मेहरुण तलावाकडे आणि धुळ्याच्या पांझरेकाठी भाविकांची रीघ लागते. शाडूची मूर्ती पाण्यात उतरते, विरघळते आणि ज्या मातीतून तिने रूप घेतले त्या मातीला मिळते. रूप सोडावयाचे, द्रव्य परत करावयाचे, हा विसर्जनाचा अर्थ आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असतो. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर जे पडलेले दिसते, त्याला असे परत जाणे साधत नाही. कापराच्या आणि उदबत्तीच्या पुड्यांची चकचकीत वेष्टने, प्रसादाच्या पिशव्या, कृत्रिम फुलांचे हार, मखराचे थर्मोकोल! राज्य शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्यांवर आणि थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. तरी काठ पुरता मोकळा झालेला नाही. रावेर-यावलच्या केळीबागा दाराशी असताना मखराला थर्मोकोलचे खांब लागावेत, ह्याचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे.

प्लॅस्टिकच्या पुनर्जन्माची कथा जळगावकरांना नवी नाही. आरतीनंतर आपण ज्या रंगीत चटईवर टेकतो, ती पुष्कळदा येथल्याच औद्योगिक वसाहतीत विणलेली असते. भंगारातले प्लॅस्टिक निवडावे, धुवावे, वितळवून त्याचे दाणे पाडावेत, दाण्यांचा धागा ओढावा आणि तो मागावर चढवावा, हा उद्योग येथे अनेक वर्षे चालत आला आहे. कचरा वेचणाऱ्या हातांपासून विणकऱ्यापर्यंत अनेक संसार त्यावर उभे आहेत. ह्या उद्योगाचा आम्हांस अभिमान आहे. पण त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे.

प्लॅस्टिक म्हणजे सूक्ष्म मण्यांची लांबच लांब माळ. ते वितळविले की माळ कायम राहते, मात्र प्रत्येक खेपेस ती ठिकठिकाणी तुटून आखूड होते. रंग मिसळतात, धागा कमजोर होतो. उन्हात विटून ठिसूळ झालेल्या चटईची पुन्हा तशीच चटई होणे कठीण. शिवाय अनेक थरांची, आत चांदीसारखा पत्रा असलेली वेष्टने ह्या वाटेने जाऊच शकत नाहीत.

येथे रसायनशास्त्र निराळा मार्ग दाखविते. माळेचे तुकडे पुन्हा ओवण्याऐवजी ती सोडवून मणीच मोकळे करावयाचे. हवा न लागू देता प्लॅस्टिक ४०० ते ६०० अंशांपर्यंत तापविले की त्याची वाफ होते आणि ती निवविली की तेल मिळते. खनिज तेलाप्रमाणे ह्या तेलापासून पुन्हा कच्चा माल, आणि त्यापासून नव्यासारखे प्लॅस्टिक घडविता येते. थर्मोकोल तर तापविले असता बऱ्याच अंशी आपल्या मूळ घटकात, स्टायरीनमध्ये परततो. विसर्जनाला रसायनाचे साहाय्य ही कल्पनाही परकी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टरच्या मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळविण्याची रीत दिली, आणि त्या द्रावणातून खताला उपयोगी अमोनियम सल्फेट मिळते.

पुण्याच्या रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्यूशनने घराघरांतून प्लॅस्टिक गोळा करून खंडेरायाच्या जेजुरीजवळ त्याचे तेल काढण्याचा प्रकल्प उभारला. प्रयत्न स्तुत्य खराच; पण निघालेले तेल इंधन म्हणून जाळले, तर माळ सुटली आणि मणी हरवले असे म्हणावे लागेल. जामनगरच्या रिलायन्स कारखान्याने अशा तेलापासून पुन्हा प्लॅस्टिक बनविल्याचे २०२४ साली जाहीर केले. तो मार्ग अधिक खरा. तथापि तो स्वस्त नाही. भट्टीला उष्णता पुष्कळ लागते, थर्मोकोलमध्ये बहुतांश हवाच असल्याने वाहतूक परवडत नाही, आणि मिश्र, मळलेला कचरा आला तर तेल बिघडते.

सर्वांत घातक ते पीव्हीसी. तापताच त्यातून हायड्रोजन क्लोराईड सुटतो आणि यंत्राचे लोखंड खातो. आता उत्सवात हे पीव्हीसी सर्वाधिक कोठे दिसते? चौकाचौकांत शुभेच्छुकांच्या हसऱ्या मुद्रांनी नटलेल्या फ्लेक्स फलकांवर! बाप्पापेक्षा मोठी छायाचित्रे लावणाऱ्यांनी एवढे रसायनशास्त्र जाणून घेण्यास हरकत नसावी.

म्हणजे यंत्र कितीही प्रगत असले तरी पहिली निवड घरातल्या गृहिणीच्या आणि मंडळाच्या कार्यकर्त्याच्याच हाती राहते. निर्माल्यकलशात फुले-पत्री वेगळी ठेवण्याची सवय आपण लावून घेतली आहे. त्याच कलशाशेजारी कोरड्या, स्वच्छ वेष्टनांसाठी दुसरे पात्र, थर्मोकोलसाठी तिसरे, आणि फ्लेक्ससाठी अगदी निराळी जागा, एवढी सोय मेहरुणवर आणि पांझरेकाठी दोन्ही महानगरपालिकांनी करावी. जमलेला माल कोणाकडे जाणार, हेही त्यांनी आधीच ठरवून जाहीर केले पाहिजे. अन्यथा वेगळा केलेला कचरा संध्याकाळी एकाच गाडीत पडतो, आणि दुसऱ्या वर्षी कोणी वेगळा करीत नाही.

आणि चटई उद्योजकांना आमची एक विनंती आहे. जीर्ण झालेली चटई परत घेण्याची काही व्यवस्था त्यांनी सुरू करावी. ज्या गावाने टाकाऊ धाग्याला बैठकीचा मान दिला, त्या गावात विटलेली चटई शेवटी कोठे न्यावी, हे अद्याप कोणत्याही गृहिणीला सांगता येत नाही.